सिस्टर, त्या अर्ध्या गोळीसाठी थँक्यू

सिस्टर, नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये, पण वाचलंत की कळेलच कोणाला लिहिलंय.

अण्णांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरनं हाडं धरली तेव्हा नुसती कूस बदलायची तरी ते ओरडायचे. मॉर्फिन म्हटल्यावर आत्या म्हणाली, "म्हणजे अफूच की, आता ह्याला व्यसन लावा!" तुम्ही हसलात, म्हणालात अनारशाला खसखस लावता ना, त्याच झाडाच्या बोंडाचा चीक, फक्त मापात. दहा मिलिग्रॅमची गोळी, दर चार तासांनी, दुखायची वाट बघायची नाही, आणि पोट साफ व्हायची गोळी चुकवायची नाही, हे तुम्हीच कॅलेंडरवर लिहून दिलंत. चौथ्या दिवशी अण्णांनी स्वतः दाढी केली.

मग तो ताप. दोन दिवस पाणीसुद्धा घेईनात, लघवी जवळपास बंद, आणि मी शहाणी घड्याळ लावून गोळ्या देतेय. शांत झोपलेत म्हणून मला उलट बरंच वाटत होतं. तुम्ही आलात, पापणी वर केलीत, बाहुली अगदी टाचणीच्या टोकाएवढी. श्वास मोजलेत, मिनिटाला फक्त सहा. मॉर्फिन अंगात साठलं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये तुम्ही सोबत बसलात, ड्युटी संपलेली असताना.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी नॅलोक्सोनची, म्हणजे मॉर्फिनचा असर उतरवणाऱ्या औषधाची, एक ॲम्प्युल 10 मिली सलाईनमध्ये मिसळून एकेक मिली, मधे दोन-दोन मिनिटं थांबून दिली. मी म्हणत होते द्या ना एकदम, तुम्ही माझा हात धरून सांगितलंत की एकदम दिलं तर मॉर्फिनचा सगळाच असर जाईल आणि दुखणंही उसळून येईल, आपल्याला फक्त श्वास परत हवाय. तिसऱ्या की चौथ्या मिलीला अण्णांनी डोळे उघडले आणि चहा मागितला!! मला वाटलं सुटलो, पण तुम्ही घरी जाऊ दिलं नाहीत, हे औषध तासाभरात उतरतं आणि किडनी थकलीय म्हणून मॉर्फिन अजून अंगातच आहे म्हणालात. आणि खरंच पहाटे परत द्यावं लागलं.

मी रडत होते की माझ्यामुळं झालं. तुम्ही म्हणालात, "ताई, लघवी कमी झाली तर फोन करा हे मी सांगायला हवं होतं."

त्यानंतर घरात सगळे मॉर्फिन बंद करा म्हणून मागं लागले, मीसुद्धा. तुम्ही डॉक्टरांशी बोलून अर्धी गोळी, जास्त अंतरानं, परत सुरू करून घेतलीत आणि आत्याला समोर बसवून समजावलंत. पुढचे दोन महिने अण्णा झोपले, जेवले, आत्याशी भांडले.

दिवाळीला अनारसे पाठवतेय. आत्याने केलेत, खसखस जरा जास्तच लावलीय.