पाणी कोण उचलतं, हे विचारणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

बाळाच्या आंघोळीच्या टबाला तुम्ही चाकांचं स्टँड करून दिलंत, त्याबद्दल समोर आभार मानायला गेलं की तुम्ही खाली वाकून त्याची चाकं तपासायला लागता. गेल्या सहा महिन्यांत मी चार वेळा प्रयत्न केला. एकदा तुम्हाला ब्रेकचा स्क्रू ढिला दिसला, एकदा तुम्ही ग्रीसची डबी आणायला म्हणून जे खाली गेलात ते परत आलाच नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. आता सुटका नाही.

बाळाला बघायला येणारा प्रत्येक जण बाळाचंच विचारत होता. रात्री झोपतो का, दूध पुरतं का, नाक कोणावर गेलंय. तुम्ही आलात, दारातच थांबलात, खोलीच्या मध्यावर पडलेल्या टबाकडे बघितलंत आणि विचारलंत, "हे पाणी कोण उचलतं?"

मी काहीतरी हसून टाळलं. खरं उत्तर तोंडातून काढलं असतं तर ते किती खुळेपणाचं आहे हे मलाच ऐकू आलं असतं.

सिझेरियननंतर घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काहीही उचलायचं नाही. घरातल्यांनी ते अगदी मनावर घेतलं. मला खुर्ची सरकवू देत नव्हते, उशीसुद्धा हातातून काढून घेत होते. पण आंघोळीचं पाणी हे कोणाच्याच हिशेबात नव्हतं. बाथरूम एवढुसं, निसरडं, त्यात खिडकीतून वारा. म्हणून बाळाची आंघोळ खोलीत. छोट्या बादलीने चार खेपा करून टब भरायचा, आंघोळ झाली की बाळाला पुसायचं, कपडे घालायचे, पाजायचं, झोपवायचं. तोपर्यंत घरातलं मोठं माणूस कामावर निघून गेलेलं. टब तिथेच. मग मी मगाने पाणी बादलीत काढायची, अर्ध्यात कंटाळायची आणि उरलेलं "नंतर बघू" म्हणून तसंच ठेवायची. एकदा कंटाळून अख्खा टब उचलला. तीन पावलं गेले असेन. टाक्यांत अशी कळ आली की टब टेकवून मीही शेजारी बसले, आणि बराच वेळ उठलेच नाही.

पण तुम्हाला मी जे सांगितलं नव्हतं ते आज सांगते. तुम्ही आलात त्याच्या आदल्या दुपारी थोरली, तीन वर्षांची, त्या उरलेल्या पाण्यात चमचा तरंगतो का ते बघत होती. पोट टबाच्या कडेवर, पाय जमिनीपासून सुटलेले, डोकं खाली. मी पाण्याचा ग्लास आणायला गेले होते, तेवढ्यात. काही झालं नाही. पण लहान मूल बुडायला दोन-तीन बोटं पाणीही पुरतं आणि ते आरडाओरडा न होता बुडतं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही टब भरलेला होता, कारण तो रिकामा करायला माझ्या अंगात बळ नव्हतं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाने मी एवढी गप्प का झाले, ते आता तुमच्या लक्षात येईल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही टेप घेऊन आलात. टबाचा तळ 60 बाय 35 सेंटिमीटर, पाणी 8 सेंटिमीटर. औषधाच्या पाकिटाच्या मागे पेन्सिलने गुणाकार केलात आणि पाकीट माझ्यापुढे धरलंत: 16,800 घन सेंटिमीटर, म्हणजे सोळा लिटर आठशे मिली, म्हणजे जवळजवळ सतरा किलो. टबाचं वजन वेगळं. आणि बाळ तेव्हा चार किलोचं. काका, मी शाळेत विज्ञान शिकवते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. स्वतःच्या घरातल्या पाण्याचं वजन मी कधी केलं नव्हतं.

वर तुम्ही एक प्रयोगही करून दाखवलात. भरलेली बादली अंगाला चिकटवून धरलीत, मग तीच हात लांब करून. "वजन तेच आहे, पण कंबर काय म्हणते बघ. टब रुंद असतो, तो पोटाशी धरताच येत नाही. त्यात पाणी हलतं. उचलायचाच नाही तो." तरफेचा हा धडा मी यापुढे बादली घेऊनच शिकवणार आहे.

तयार स्टँड मी बघितले नव्हते असं नाही. पण मी पाहिले त्यांच्या पायांना रबरी टोप्या होत्या, जागचे हलू नयेत म्हणून. ते चुकीचं नाही. वाकावं लागत नाही, पण पाणी आणायचं आणि न्यायचं कसं हा प्रश्न तिथेच राहतो. तुम्हाला हलणारंही हवं होतं आणि न हलणारंही. पहिल्या खेपेला ते जमलं नाही, हेही इथे लिहिते, कारण तुम्ही ते कोणाला सांगणार नाही.

पहिलं स्टँड दिसायला झकास होतं. चारही चाकं छोटी, दोन इंची, आणि चारही गरगर फिरणारी. रिकामं असताना थोरलीने ते घरभर पळवलं. भरल्यावर मात्र बाथरूमच्या उंबऱ्याशी पुढची चाकं अडली, टब थांबला आणि पाणी थांबलं नाही. पुढची भिंत भिजली, तुमची पँट भिजली. तुम्ही हूं की चूं केलं नाही. फक्त उंबऱ्याची उंची मोजलीत आणि स्टँड उचलून खाली घेऊन गेलात. चार दिवस खालून ग्राइंडरचा आवाज येत होता.

दुसऱ्या स्टँडची चाकं चार इंची, कारण चाक मोठं असलं की उंबरा त्याला लहान वाटतो. पुढची दोन फिरती, मागची दोन सरळ, म्हणजे मागून ढकलताना गाडी तिरकी पळत नाही. पाय खाली फाकवलेले, दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या, त्यामुळे वरून धक्का लागला तरी डुगडुग नाही. पुढच्या चाकांचे ब्रेक पायाने दाबायचे, आणि ते नुसतं चाक नाही तर त्याचं फिरणंही अडवतात. "हात दोन्ही बाळाला, ब्रेक पायाला," असं म्हणालात. उंबऱ्यावर एक छोटा उतारही ठोकून दिलात, लाकडाचा. कडा कानशीने इतक्या घासल्या होत्या की मी बोट फिरवून शोधूनही टोक सापडलं नाही. वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर प्रायमरचे दोन हात, कारण गंज तिथून सुरू होतो. पाइपची तोंडंही बंद केलीत, आत पाणी साठू नये म्हणून. हे सगळं मी आज लिहिते आहे, पण तेव्हा त्यातलं निम्मं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

उंचीवरून मात्र आपलं वाजलं. मला स्टँड अजून उंच हवं होतं. एक तर वाकायला नको, आणि दुसरं म्हणजे टब रिकामा करायच्या नळीतून पाणी लवकर जाईल. मी तुम्हाला टॉरिचेलीचा नियम ऐकवला, 1644 सालचा. पाण्याची पातळी जितकी उंच तितका बाहेर पडण्याचा वेग जास्त. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "दुप्पट उंच केलं तर दुप्पट वेग?" नाही, वर्गमुळात. सत्तरचं नव्वद सेंटिमीटर केलं तर वेग फार तर तेरा टक्क्यांनी वाढतो. "आणि उलटायची भीती?" ती मी मोजली नव्हती. स्टँड तुमच्याच उंचीचं झालं. वर्गात हे उदाहरण मी वापरते, पण त्यात बाईंची जिरली एवढा भाग गाळते.

रिकामं करायची सोय ही तुमची खरी करामत. टबाला तळाशी बूच होतंच. तुम्ही बुचाकडची बाजू दीड सेंटिमीटर खाली ठेवलीत. मला वाटलं, चुकून तिरकं झालं. मी स्पिरिट लेव्हल ठेवून दाखवायला निघाले तर म्हणालात, "शेवटचं तांब्याभर पाणी कोण काढणार? उतार लागतोच. आणि बाळाचं डोकं वरच्या बाजूला ठेव, तोंडाशी पाणी येणार नाही." नळी पारदर्शक घेतलीत, आतला बुळबुळीतपणा दिसावा म्हणून. मधे कुठेही तिला कुबड येऊ द्यायचं नाही, नाहीतर हवा अडकते. पहिल्या दिवशी नळीचं टोक बाथरूमच्या मोरीच्या जाळीवरून उसळलं आणि सापासारखं वळवळलं. संध्याकाळपर्यंत त्या टोकाला तुम्ही जाळीत अडकणारा आकडा लावून दिला होता. आता बूच काढलं की एक-दीड मिनिटात टब कोरडा. बाळाला टॉवेलात गुंडाळून पलंगावर थोरलीच्या बाबांकडे दिलं की मी टब ढकलत जाते, आणि बाळाच्या अंगात झबलं चढेपर्यंत परत आलेली असते.

हो, बाबांकडे. आंघोळीची वेळच आम्ही बदलली. तुम्ही स्पष्ट सांगितलं होतं की स्टँडने एक माणूस कमी होत नाही.

आणि तो दांडा. ढकलायचा दांडा तुम्ही कायमचा जोडला नाहीत. तो वेगळा आहे, खिळीने बसतो आणि बाथरूमच्या दारामागे टांगलेला असतो. मला ते गैरसोयीचं वाटलं होतं. प्रत्येक वेळी दांडा काढा, लावा. तुम्ही थोडे चिडलातच. "चाकं दिसली की माणूस ढकलतो. बाळ आत असताना कोणीतरी म्हणेल, जरा उजेडाकडे घेऊ, आणि घेईल. बाळ टबात असताना गाडी एक बोटभरसुद्धा हलवायची नाही. दांडा नसेल तर हात थांबेल." त्यानंतर दोन महिन्यांनी एक पाहुणी अगदी हेच म्हणाली, फोटोला उजेड कमी आहे म्हणून. तिचा हात टबाच्या मागे गेला, दांडा शोधला आणि मागे आला. मी काही बोलले नाही.

भरण्याची पद्धतही बदलली. आता टब बाथरूममध्येच भरतो, आधी गार पाणी, मग गरम, म्हणजे तळ कधीच चटका बसण्याएवढा तापत नाही. हाताने नीट ढवळायचं. खोलीत आणल्यावर कोपर बुडवून पुन्हा बघायचं, कारण वाटेत पाणी थोडं निवतं. थर्मामीटर 37 ते 38 अंश दाखवतो तेव्हा कोपराला गरमही लागत नाही, गारही नाही. ढकलताना हळू सुरू करायचं आणि हळूच थांबायचं. पाण्याला थांबायला आपल्यापेक्षा वेळ लागतो, हे भिंत भिजली त्या दिवशी कळलं होतं.

तुम्ही एक शेवटची अट घातली होती. ज्या दिवशी बाळ टबाची कड धरून उठू पाहील, त्या दिवशी स्टँड बंद, टब जमिनीवर. गेल्या मंगळवारी त्याने धरली. दोन्ही मुठींनी, आणि गुडघे रोवून वर यायला लागला. मी त्याला बाहेर काढलं, पुसलं, बूच ओढलं, आणि दांडा लावताना मला रडू आलं. कशाचं, ते विचारू नका. आता टब बाथरूमच्या फरशीवर असतो, खिडकीला पुठ्ठा लावलाय, पाणी तिथल्या तिथे जातं, आणि माझी कंबर धड आहे.

स्टँड पुसून, चाकं वाळवून ठेवलंय. मागच्या उजव्या चाकात केस गुंतले होते, ते काढले. पलीकडच्या जिन्यावर पुढच्या महिन्यात बाळ येणार आहे आणि त्यांनी ते मागितलंय. मी हो म्हणाले, तुम्हाला न विचारता. पण त्यांचं बाथरूमचं दार आपल्यापेक्षा अरुंद वाटतं आणि उंबराही उंच आहे. मी टेप लावून बघितला, पण माझ्या मोजण्यावर तुमचा विश्वास नाही, आणि तो नसलेलाच बरा.

रविवारी सकाळी या. स्टँडचे पाय आत घ्यायचे की उतार नवा करायचा ते ठरवू. त्यांच्या घरी गेल्यावर टबाकडे बघून जे विचारायचं ते विचाराच. मी आधी काही सांगितलेलं नाही.

आणि आल्यावर चाकं तपासू नका. तपासून झाली आहेत.

तुमची,
वरच्या मजल्यावरची