ट्रेलर नेण्यापूर्वी

कोल्हापूर,
रविवार

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणींना घेऊन आपल्या राहण्याच्या ट्रेलरने कोकणात जाण्याचा तुझा बेत आईकडून कळला. परवानगीचा प्रश्नच नाही. परंतु 2019 च्या दिवाळीतली आपली सहल का मोडली, याची जी हकीकत तू आजवर सर्वांना सांगत आलीस आणि मी मुकाट्याने ऐकत आलो, ती अर्धीच खरी आहे; उरलेली अर्धी कळल्याशिवाय तू तो ट्रेलर गाडीला जोडू नयेस.

तुझ्या हकिकतीत सगळा दोष वादळाचा आहे. वादळ होतेच. 24 ऑक्टोबरला आपण निघालो तेव्हा त्याचे नावही ठरले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते ‘क्यार’ झाले, आणि पुढे ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 2007 च्या गोनूनंतरचे अरबी समुद्रातले पहिले महाचक्रीवादळ ठरून, किनाऱ्यावर न येताच ओमानच्या दिशेने निघून गेले. मच्छीमारांना दिलेला इशारा मी वाचला होता आणि ‘आपण काही मासे धरायला चाललो नाही’ असा विनोदही केला होता. आई हसली नाही. त्याच ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेलेली तिने पाहिली होती, आणि पाण्याच्या बाबतीत तिला थट्टा खपत नव्हती.

आता माझी बाजू. तो ट्रेलर मी उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये रात्री जागून बांधला, हे तुला ठाऊक आहे. ओटा मागच्या दाराशी असावा हा हट्ट माझा, त्यामुळे शंभर लिटरची पाण्याची टाकी, गॅसचा सिलिंडर, माझी हत्यारांची पेटी आणि फराळाचे डबे असे जे जे जड होते ते सगळे चाकांच्या मागे गेले. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे ती गाडीच्या मागे ज्या गोळ्यावर अडकते त्या बॉलवर, यावा लागतो; नाहीतर ट्रेलर डुलतो. आपला ट्रेलर भरून सातशे किलोचा, म्हणजे दांडीवर किमान सत्तर किलो हवेत. निघताना ती दांडी मी एका हाताने उचलून बॉलवर ठेवली. तीस वर्षे लोखंडात काढलेल्या माणसाला तिथेच खटकायला हवे होते. मला मात्र आपले काम किती हलके झाले आहे याचा अभिमान वाटला.

करूळ घाट धुक्यामुळे आपण अगदी हळू उतरलो, म्हणून काही जाणवले नाही. तळेऱ्याला महामार्ग लागल्यावर नांदगावच्या अलीकडे एका उतारावर वेग साठच्या पुढे गेला आणि उजवीकडून, समुद्राच्या अंगाने, वाऱ्याचा झोत आला. आरशात ट्रेलरची मागची बाजू आधी एका कडेने आणि मग दुसऱ्या कडेने दिसू लागली. तू ‘पप्पा, घर नाचतंय!’ म्हणून टाळ्या वाजवल्यास. मी घाबरून ब्रेक दाबला, जे अशा वेळी मुळीच करायचे नसते, आणि ट्रेलरने गाडीला ढकलत रस्त्याखालच्या चिखलात नेऊन उभे केले. पाच मिनिटे मला खाली उतरता आले नाही. तुला मी ‘रस्ता निसरडा होता’ एवढेच सांगितले.

कुणकेश्वरच्या कलमांच्या बागेतली ती रात्र तू रंगवून सांगतेस तशीच होती. ट्रेलरला बांधलेली कापडी कनात मात्र वाऱ्याने फाडली नाही. मी ती गुंडाळून न ठेवता झोपलो, म्हणून ती शिडासारखी फुगली आणि तिच्या ओढीने ट्रेलर हलत राहिला. शेवटी आईने पावसात उतरून दोर कापला. सकाळी तुला वाळूत किल्ला करायचा होता, मावळे पिशवीत तयार होते, आणि तू रडत असताना मी वादळाचे कारण पुढे करून गाडी परत वळवली. खरे कारण होते ते माझे हात. ते स्टेअरिंगवर ठरत नव्हते.

परतीच्या चढाला ओझे नको म्हणून टाकी रिकामी केली आणि हत्यारांची पेटी गाडीत घेतली. वारा कालच्यासारखाच होता, पण त्याच महामार्गावर ट्रेलर गरीब गाईसारखा मागून आला. तेव्हा मला सारे उमगले. आईला ते बहुधा माझ्या आधी उमगले होते. तिने आजतागायत एका शब्दानेही विचारलेले नाही, आणि या एका गोष्टीचे मला आजही ओझे वाटते.

टाकी मी पुढच्याच महिन्यात चाकांच्या पुढे घेतली. तरी सामान भरल्यावर दांडी स्वतः उचलून पाहा. एका हाताने उचलली गेली तर निघू नकोस. ट्रेलर डुलू लागलाच तर ब्रेकला पाय लावू नकोस, ॲक्सिलरेटर सोड आणि स्टेअरिंग सरळ धरून ठेव. कनात रोज रात्री गुंडाळ. आणि मच्छीमारांना इशारा असेल तर तो आपल्यालाही आहे असे समज.

शनिवारी आलीस तर रविवारी शेड बंद असते. रिकाम्या आवारात तुला ट्रेलर मागे घ्यायला शिकवीन. त्यात स्टेअरिंग उलट्या बाजूला फिरवावे लागते, आणि ते मला अजूनही पहिल्या फटक्यात जमत नाही.

तुझा,
पप्पा