जनुक तपासणी विका, पण समजावूनही सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘घरबसल्या जनुक तपासणी’च्या जाहिराती हल्ली सर्रास छापून येतात. माझ्या भाच्याने आरोग्य तपासणीच्या पॅकेजात ती करून घेतली. अहवाल थेट मोबाइलवर आला: ‘एपीओई ३/४’, पुढे लाल अक्षरांत ‘अल्झायमरचा धोका जास्त’. समजावून सांगायला कोणी नाही. आई, म्हणजे माझी अक्का, याच आजाराने घरात बसलेली. पोरगा पुरता हबकला.

मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले, म्हणून त्याला घेऊन बसलो. एपीओई हे एक जनुक, त्याचे २, ३ आणि ४ (यालाच पुढे ‘चौथा’ म्हणतो) असे तीन मुख्य प्रकार. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून; भाच्याकडे एक ३ आणि एक ४. चौथ्याचा अल्झायमरशी संबंध १९९३ साली उजेडात आला. त्याने धोका वाढतो, दोन्ही प्रती चौथ्याच असतील तर फारच. पण चौथा असूनही म्हातारपणी ठणठणीत राहणारे आहेत आणि नसताना आजारी पडणारेही आहेत. एका बिघडलेल्या जनुकामुळे पिढ्यान्‌पिढ्या, तेही बहुधा साठीच्या आत येणारा अल्झायमर वेगळा आणि अगदी दुर्मीळ. अहवालात हा फरक एका ओळीनेही नव्हता.

अक्काचेच बघा. तिला सगळ्यांचे वाढदिवस तोंडपाठ, पण कुकरचे झाकण लावता येत नाही आणि भाजीवाल्याकडून किती सुटे परत घ्यायचे ते उमगत नाही. नातेवाईक म्हणतात, “हिला तर सगळं आठवतं, कसला आलाय स्मृतिभ्रंश?” चौथा प्रकार असलेल्या रुग्णांत बहुधा आठवणीच आधी जातात, तो नसलेल्यांत भाषा, हिशेब, नजरेचा अंदाज आधी बिघडण्याचे प्रमाण जास्त दिसते. तेव्हा भाच्याचा ‘४’ आईकडूनच आला असेल असे नाही, दाजींकडूनही आला असेल. दाजी अठ्ठ्याहत्तरीतही पत्त्यांत कोणाला जिंकू देत नाहीत!

त्याच अहवालाच्या पुढच्या पानावर रक्तदाब १५२/९६ होता. तो काळ्या शाईत, म्हणून कोणाचे लक्षच नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणे दिली, त्यांत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, कमी ऐकू येणेही आहे.

जनुकीय समुपदेशकाशी बोलणे झाल्याशिवाय असे अहवाल हातात देऊ नयेत, असा नियम सरकारने करावा. तोवर निदान आपण तरी या जाहिराती घेताना ‘समजावून कोण सांगणार?’ एवढे विचारावे.

– एक निवृत्त शिक्षक, मिरज