'हरणासाठी' म्हणून विकलेली रायफल हरणासाठी चालत नाही : तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या 'हरीण-शिकार संपूर्ण संचा'तील रायफल, काडतुसे आणि जॅकेट माझ्या भारताबाहेरच्या शिकार-परवान्यावर हरणासाठी वापरता येत नसल्याबद्दल.

महोदय / महोदया,

आपली मराठीतली खरेदी-मार्गदर्शिका वाचून आणि आपल्या मदत कक्षाशी लेखी बोलून मी हा संच घेतला. त्यात बोल्टची (प्रत्येक बारानंतर हाताने खटका ओढायची) .२२३ रेमिंग्टन रायफल, ४-१६×५० चा (४ ते १६ पट मोठे दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगाचा) स्कोप, चाळीस काडतुसे, पट्टा आणि नारिंगी जॅकेट होते. पैसे भरण्याआधी मी एकच प्रश्न विचारला होता : "माझा पहिलाच मोसम आहे. ही रायफल हरणाला पुरेशी आहे ना, आणि कायद्यात बसते ना?" चार मिनिटांत उत्तर आले : "हो, निर्धास्त राहा. संच खास हरणासाठीच आहे, सगळीकडे चालतो." या संवादाची प्रत सोबत जोडली आहे.

मी कुठे शिकार करणार, हे त्या चार मिनिटांत मला कोणी विचारले नाही. कोणत्या जातीचे हरीण आणि साधारण किती अंतरावरून, हेही नाही. माझा पत्ता तर ऑर्डरवरच होता.

पहिल्या दिवशी मी रेंजवर जाऊन रायफल झिरो करण्यासाठी, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवण्यासाठी, वीस बार काढले. दुसऱ्या दिवशी आमचे प्रशिक्षक आले. त्यांनी रायफल हातातही घेतली नाही, आधी काडतुसांची पेटी उघडली. एक काडतूस उचलून बुडावरचा ठसा वाचला, मग गोळीच्या टोकावरून अंगठ्याचे नख फिरवले. टोक गुळगुळीत, वरपासून खालपर्यंत तांब्याने मढवलेले. शिसे कुठे दिसेना, पुढे खळगाही नाही. काडतूस त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "ही कागदावर मारायची गोळी आहे. हरणावर ही मारायची नाही. आणि या कॅलिबरला आपल्या परवान्यात जागाच नाही."

आमच्या परवान्यासोबत येणाऱ्या पुस्तिकेत हरणासाठी किमान कॅलिबर (गोळीची जाडी) ६ मिलिमीटर, म्हणजे .२४ इंच, दिले आहे आणि लागल्यावर पसरणारी गोळी सक्तीची आहे. .२२३ ची गोळी ५.७ मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे हा संच घेऊन मी रानात गेले असते तर पहिल्याच तपासणीत गुन्हेगार ठरले असते, तेही खिशात परवाना असताना.

.२२३ कुठेच चालत नाही असे माझे म्हणणे नाही. टेक्सासात सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी ठोका बसून पेटणारे) काडतूस असले की हरणासाठी कॅलिबरची अट नाही. अनुभवी माणूस, पसरणारी चांगली गोळी आणि जवळचे अंतर असेल तर या काडतुसाने हरीण जागीच पडते, हे मला प्रशिक्षकांनीच सांगितले. पण कोलोरॅडोत किमान .२४ कॅलिबर, हरणासाठी किमान ७० ग्रेन वजनाची आणि पसरणारी गोळी लागते, शिवाय १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा उरावी लागते. इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्याने .२४० कॅलिबर आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पाउंड ही खालची मर्यादा आहे. ५५ ग्रेनच्या .२२३ ची ऊर्जा नळीच्या तोंडाशीच १,३०० च्या आतबाहेर असते. भेकराच्या कुळातल्या मुंटजॅकसाठी तिथे सूट आहे, तीही १,००० फूट-पाउंड आणि ५० ग्रेनच्या खाली नाही. ओहायोत तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे हरणासाठी रायफल वापरायची तर सरळ भिंतीचे (तोंडाशी निमुळते न होणारे) काडतूसच लागते, .३५७ ते .५० कॅलिबरचे, आणि रायफलीत एका वेळी तीनपेक्षा जास्त भरता येत नाहीत. मी आता बदलून मागते आहे ती .२४३ तिथे बेकायदा ठरेल. एवढा फरक असताना "सगळीकडे चालतो" हे दोन शब्द तुमच्या माणसाने कशाच्या जोरावर लिहिले?

गोळीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण मी हे कळवल्यावर आलेल्या तुमच्या उत्तरात याला "किरकोळ बाब" म्हटले आहे.

प्रशिक्षकांनी रेंजवर पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन एकामागे एक मांडले. तुमच्या पेटीतली गोळी पहिल्या कॅनमधून आरपार गेली, दुसऱ्यातून तशीच, तिसऱ्यातूनही, आणि मागच्या मातीत कुठे शिरली ते सापडले नाही. मग त्यांनी स्वतःच्या रायफलीतून मऊ टोकाची गोळी मारली. पहिला कॅन फाटलाच. गोळी पुढच्या एका कॅनच्या तळाशी मिळाली, छत्री उलटावी तशी मागे वळलेली, मूळ जाडीच्या जवळजवळ दुप्पट. हरणाच्या फऱ्यामागे हृदय आणि फुफ्फुसांची जागा जेमतेम २० ते २५ सेंटिमीटरची असते. तिथे पसरलेली गोळी बसली की जनावर फार लांब जात नाही. न पसरणारी गोळी त्याच जागेतून बारीक भोक पाडून निघून जाऊ शकते आणि हरीण पळते.

पळालेले हरीण म्हणजे काय, ते मी पाहिले आहे. प्रशिक्षण चालू असताना आम्हाला एका जखमी हरणाचा माग काढायला नेले होते. बार दुसऱ्याच कोणाचा होता, गोळी कसली होती ते शेवटपर्यंत कळले नाही. गवताच्या पात्यांवर रक्ताचे ठिपके होते. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस, पण हे काळपट होते, हिरवट आणि वास येणारे. म्हणजे पोट. अशा वेळी लगेच मागे धावायचे नसते, नाहीतर ते उठून आणखी लांब जाते. कित्येक तास थांबून बॅटरीच्या उजेडात पानापानाने शोधले, ठिपके संपले. सकाळी ते ओढ्याकाठी सापडले तेव्हा जिवंत होते. पाय पोटाशी घेऊन बसलेले, मान ताठ, कान आमच्याकडे वळलेले. रात्रभर ते तसेच बसून होते. त्या दिवशी मी ठरवले की खात्रीचे हत्यार आणि खात्रीची गोळी हातात असल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाही. तुम्हाला प्रश्न विचारला तो त्यासाठीच. त्यामुळे ही बाब माझ्यासाठी किरकोळ नाही.

.२२३ च का सुचवली, हे मी नंतर विचारले. उत्तर आले : "महिला ग्राहकांना आम्ही हेच कॅलिबर देतो, धक्का कमी बसतो." माझी उंची, हाताची लांबी, आधी काय चालवले आहे, यातले काही विचारून हे ठरवले असते तर मी समजून घेतले असते. मी प्रशिक्षकांची .२४३ चालवली आहे. तिचा धक्का .३०-०६ या मोठ्या काडतुसाच्या साधारण निम्मा असतो आणि खांद्याला नीट टेकवली तर तो सहज सोसतो. मला अडचण होते ती दस्त्याच्या लांबीची. लांब दस्त्याने मान पुढे ताणावी लागते आणि रायफल खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर येते. खरा त्रास तिथे होतो. दस्त्याचा एक स्पेसर (लांबी वाढवणारी चकती) काढून आणि चांगला रबरी पॅड लावून हे काम झाले असते. बाई म्हटली की लहान काडतूस, हा हिशेब चुकीचा आहे. त्यात सोय माझी होत नाही, आणि किंमत मोजते ते हरीण.

स्कोपबद्दलही तेच. ५० मिलिमीटरच्या भिंगाला उंच रिंगा लागतात, म्हणून डोळा स्कोपच्या रेषेत आणला की गाल दस्त्यावरून सुटतो. हरणे पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. १६ पटीवर या भिंगातून डोळ्यात येणारा उजेडाचा झोत ५० भागिले १६, म्हणजे तीन मिलिमीटरच्या थोडा वर असतो. कमी उजेडात बाहुली याच्या दुप्पट उघडते, म्हणजे चित्र काळोखे दिसते. पट कमी केली तर उजेड मिळतो, मग १६ पट हवी कशाला? झाडीत पन्नास-साठ पावलांवर उभ्या हरणाला साधा ३-९×४० पुरला असता आणि हलकाही झाला असता.

त्यातून रिंगांचे स्क्रू सैल. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून मारलेले पहिले पाच बार हाताच्या पंजात मावतील असे लागले होते. विसाव्या बारापर्यंत नेम १४ सेंटिमीटर डावीकडे सरकला होता. टारगेटच्या कागदाचे फोटो पाठवले तर तुमच्या कक्षाने "सराव वाढवा" असे कळवले. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी मागचा स्क्रू नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. स्क्रू आवळल्यावर बार पुन्हा एका जागी लागू लागले. म्हणजे नळीत दोष नाही, हेही मी प्रामाणिकपणे नोंदवते. बसवणाऱ्याकडून तो आवळायचा राहिला होता, आणि दोष माझ्या हाताला दिला गेला.

जॅकेट नारिंगी आहे खरे, पण त्यावर पानाफांद्यांची काळी-तपकिरी नक्षी आहे. काही ठिकाणी अशी नक्षी चालते. आमच्याकडे सलग नारिंगीच लागते. कोलोरॅडोतही सलग रंगच, किमान ५०० चौरस इंच, आणि वर टोपी. हरणाच्या डोळ्याला नारिंगी आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यामुळे सलग रंगाने शिकार बिघडत नाही. तो असतो समोरच्या झुडपामागच्या दुसऱ्या शिकाऱ्यासाठी, त्याने मला हरीण समजू नये म्हणून. शिवाय कापड इतके कडक आहे की हात वर केला की कागद चुरगाळल्यासारखा आवाज येतो. हरणाचे कान जवळून पाहिलेल्या कोणालाही हे कापड निवडताना सुचले असते.

आता मार्गदर्शिकेविषयी. ती मराठीत काढली याचा मला आनंद झाला होता. पण मराठीत आहे म्हणजे ती महाराष्ट्रातही वाचली जाणार. तिच्या पहिल्याच पानावर चितळाचा फोटो आहे आणि खाली "कोणत्याही हरणासाठी" असे लिहिले आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने चितळ, सांबर, भेकर यांच्या शिकारीला बंदी आहे. चोवीस पानांत याचा उल्लेख एका ओळीनेही नाही. ते वाचून एखाद्या तरुण मुलाने काही वेडेवाकडे केले तर तो तुरुंगात जाईल आणि चितळ जिवानिशी. ही ओळ पहिल्या पानावर, फोटोच्या शेजारी, मोठ्या अक्षरात हवी.

परत घेण्याची विनंती केली तेव्हा "बार झालेली रायफल परत घेतली जात नाही" असा नियम दाखवला गेला. बार न काढता कोणी रायफल झिरो करू शकत नाही, आणि झिरो न करता रानात जाऊ नये असे तुमचीच मार्गदर्शिका पान ११ वर सांगते. शिवाय माझी तक्रार रायफल वापरून नको झाली अशी नाही. ज्या कामासाठी लेखी विचारून घेतली, त्या कामासाठी ती पहिल्या दिवसापासून कायद्याने निरुपयोगी होती.

म्हणून मागणी अशी. रायफलीच्या बदल्यात .२४३ विंचेस्टर द्यावी, दस्ता माझ्या मापाचा करून, किंवा पूर्ण रक्कम परत करावी. देवाणघेवाण परवानाधारक विक्रेत्यामार्फतच व्हावी आणि तिचा खर्च आपण करावा. .२४३ देणार असाल तर काडतुसे १०० ग्रेनच्या आसपासच्या पसरणाऱ्या गोळीची असावीत. संचातली उरलेली काडतुसे मी कुलपात ठेवली आहेत, तीही परत न्यावीत. स्कोप ३-९×४० चा, रिंगा टॉर्क-पान्याने आवळून. जॅकेट सलग नारिंगी, मऊ कापडाचे. हाच संच ज्या-ज्या ग्राहकांना गेला आहे त्यांना पुढचा मोसम सुरू होण्याआधी लेखी कळवावे की कॅलिबर आणि गोळी आपल्या भागात चालते का ते तपासा. त्यातले कितीजण माझ्यासारखे निर्धास्त बसले असतील आणि त्यांना पेटी उघडून बघणारे प्रशिक्षक मिळाले नसतील, याची मला खरोखर काळजी वाटते. आणि मदत कक्षातल्या माणसाने "हो" लिहिण्याआधी ठिकाण, हरणाची जात आणि अंतर हे तीन प्रश्न विचारावेत, एवढे त्याला शिकवावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तोवर रायफल कुलपात आहे आणि या मोसमाचा माझा परवाना न वापरता तसाच पडून आहे.

आपली,
एक ग्राहक
(नाव व ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत : पावतीची प्रत, मदत कक्षाशी झालेला लेखी संवाद, टारगेटचे व रिंगांच्या स्क्रूचे फोटो.