माझे बूट धुणाऱ्या सुलिनाच्या मावशीस

प्रिय तांती,

तुझं नाव मी इथे लिहिणार नाही. गल्लीतली पोरं तुला तांती म्हणूनच हाक मारत होती, आणि तांती म्हणजे मावशी हे मला दुसऱ्या दिवशी तुझ्या नातवाकडून कळलं. आमच्याकडे मावशीला अगं-तुगं करतात, म्हणून मीही करते. तुला मराठी येत नाही, मला रोमानियन येत नाही. नातू फोनवर भाषांतर करून यातलं जेवढं सांगेल तेवढं ऐक. मला मात्र हे माझ्याच भाषेत आणि चार माणसांसमोर लिहायचं होतं. निघताना तुझ्यापुढे माझ्या तोंडून 'मुल्त्सुमेस्क', म्हणजे धन्यवाद, एवढा एक शब्दही धड फुटला नव्हता.

इथल्या वाचकांसाठी आधी थोडं. डॅन्यूब नदी जर्मनीत उगम पावते आणि सुमारे 2,850 किलोमीटर वाहून काळ्या समुद्राला मिळते. मिळण्याआधी रोमानियात तिचे तीन मोठे फाटे होतात. मधल्या फाट्याच्या टोकाला सुलिना आहे, रोमानियाचं सगळ्यात पूर्वेकडचं गाव. तिथे रस्ता जात नाही. तुल्चा शहरातून बोटीत बसायचं आणि चार तास दोन्ही काठांचे बोरूच्या गवताचे दाट पट्टे बघत जायचं. डॅन्यूबचे किलोमीटर उगमापासून मोजत नाहीत, सुलिनापासून वर मोजत जातात. नदी संपते तिथे शून्य.

मी तिथे का गेले, हे तुला त्या रात्री सांगता आलं नाही. माझे बाबा बोटीवर होते. दाभोळ खाडीच्या काठच्या आमच्या वाडीत ज्याच्या-त्याच्या घरातलं कुणी ना कुणी बोटीवर असायचं. बाबांची मालवाहू बोट सत्तरच्या दशकात दोनदा तुमच्या नदीतून वर गलात्स बंदराला गेली. सुलिनाला नदीची वाट दाखवणारा पायलट बोटीवर चढायचा आणि तिथून पुढे नदी सुरू. बाबा सांगायचे, महिनाभर नुसतं पाणी बघितल्यावर अचानक घरं इतकी जवळ येतात की दोरीवर वाळत घातलेले कपडे मोजावेत. बायकांचे, पोरांचे कपडे. ते बघितले की त्यांना आमचं अंगण आठवायचं. त्या गावात उतरायला त्यांना कधी मिळालं नाही. म्हातारपणी बाकी बंदरांची नावं ते विसरले, सुलिना विसरले नाहीत. ते गेल्याला दोन वर्षं झाली. म्हणून मी उतरले.

माझ्याच शहरातल्या ज्या प्रवास कंपनीला मी पैसे भरले, त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "मॅडम, तिथे बघण्यासारखं आहे काय? त्यापेक्षा ब्रानचा किल्ला करा ना." मी ऐकलं नाही तेव्हा त्यांनी एका अतिथिगृहात खोली घेऊन दिली. ऑक्टोबरात हंगाम संपला होता आणि मालक दाराला कुलूप लावून निघून गेला होता. हे कुणी त्याला विचारलं नाही, मला सांगितलं नाही. काळोख पडत होता, पाऊस लागला होता, बोटीतून उतरलेली माणसं आपापल्या घरी गेली होती. मी फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सिस्टिममध्ये तुमचं बुकिंग कन्फर्म दिसतंय." मी कुलपासमोर पावसात उभी आहे, हे त्याला तीनदा सांगितलं. तीनदा तेच उत्तर आलं. नंतर पैसे परत देतानाही त्यांनी पत्रात 'झालेल्या गैरसोयीबद्दल' असा शब्द वापरला. परक्या देशात एकट्या बाईला रात्री रस्त्यावर सोडणं याला गैरसोय म्हणतात, हे मला अजून पटलेलं नाही. त्या मुलाचा आवाज मऊ होता. काळजी मात्र त्या आवाजात नव्हती.

तुमच्या गावातल्या रस्त्यांना पहिला, दुसरा, तिसरा अशीच नावं आहेत, नदीला समांतर. नदीकाठचा पहिला रस्ता चांगला आहे. मागे जावं तशी वाळू आणि चिखल. कुठे दिवा दिसतो का ते बघत मी मागे मागे जात राहिले. बॅगेची चाकं वाळूत रुतली आणि एका गटाराच्या खळग्यात माझा पाय नडगीपर्यंत गेला, मग दुसराही. कुत्रा भुंकला. तू बॅटरी घेऊन फाटकाशी आलीस. तुझ्या उजेडाचा झोत माझ्या तोंडावर नाही, पायांवर पडला आणि तिथेच थांबला. मी कोण, कुठली, पैसे आहेत का, यातलं तू काही विचारलं नाहीस. बॅग उचललीस आणि आत चालू लागलीस.

दारात मी सवयीनं बूट काढले. तूही तुझे काढलेस, तेव्हाच मला थोडं घरी आल्यासारखं वाटलं. जाड लोकरीचे मोजे दिलेस. माशाचा रस्सा दिलास. मासा वेगळा काढून लाकडी पाटावर, वर लसणीचं पाणी, शेजारी मक्याच्या पिठाचा पिवळा घट्ट गोळा, आणि आंबट रस्सा वाडग्यात निराळा. मी दोन वाडगे प्यायले. मग झोपले.

आता ज्यासाठी हे पत्र, ते सांगते.

रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात दिवा होता. टाइल लावलेल्या त्या उंच शेगडीशी, जिला तुम्ही सोबा म्हणता, तू बुटक्या स्टुलावर बसली होतीस. मांडीवर माझा बूट. ब्रशानं चिखल काढून, धुऊन झाला होता. तू आत हात घालून वर्तमानपत्राचा ओला बोळा बाहेर काढलास, बाजूच्या ढिगात टाकलास, कोरडं पान घेऊन चुरगळलंस आणि पार चवड्यापर्यंत सारलंस. मग दुसरा बूट घेतलास. ओल्या बोळ्यांचा ढीग बघून कळत होतं की हे बराच वेळ चाललं आहे. एकदा कागद कोंबून झोपली असतीस तरी कुणी नाव ठेवलं नसतं. नाड्या वेगळ्या धुऊन खिळ्याला टांगल्या होत्यास.

मी दारातूनच मागे फिरले. अंथरुणात तोंड खुपसून रडले. बाबा गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते.

इतकं काय होतं त्यात, हे तुला कळावं म्हणून सांगते. आमच्या कोकणात पाहुणा आला की पायांवर पाणी घालतात, गूळ-पाणी देतात. पण पाहुण्याच्या चपलेला कुणी हात लावत नाही. चपला उंबऱ्याबाहेर. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही चामड्याला, चिखलाला हात लावायचं काम काही माणसांवर टाकलं आणि वर त्यांनाच हलकं म्हटलं. ही लाज माझ्या आत कुठेतरी बसलेली आहे. सत्तरी ओलांडलेली, माझ्या आईसारखे हात असलेली बाई माझे गटारात बुडालेले बूट मांडीवर घेऊन बसली आहे, हे बघताना ती सगळी लाज एकदम वर आली. तुझ्या चेहऱ्यावर मात्र उपकाराचा भाव नव्हता, त्यागाचाही नव्हता. सकाळी हिला चालायचं आहे, बूट कोरडे हवेत, एवढंच तुझं चाललेलं होतं.

सकाळी बूट दारात होते, कोमट, नाड्या ओवलेल्या. माझ्या पद्धतीनं नाही, तुझ्या पद्धतीनं, सरळ आडव्या पट्ट्यांत. मी त्या अजून बदललेल्या नाहीत.

त्या कोरड्या बुटांनी मी तुमचं गाव बघितलं. जुना दीपस्तंभ बघितला. 1870 साली तो उभा राहिला तेव्हा समुद्र त्याच्या जवळ होता. नदीनं आणलेल्या गाळानं किनारा पुढे सरकत गेला आणि आता तो दीपस्तंभ घरांच्या सोबतीनं उभा आहे. क्रिमियाच्या युद्धानंतर 1856 मध्ये युरोपातल्या सत्तांनी डॅन्यूबसाठी एक आयोग नेमला, त्याच्या कामाचं एक मोठं ठाणं सुलिनाला होतं. चार्ल्स हार्टली नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं मुखाशी समुद्रात धक्के बांधून काढले, गाळ हटला, पुढे नदीची वळणंही सरळ केली गेली. ते झालं नसतं तर बाबांची बोट आत शिरली नसती. दोरीवरचे कपडेही त्यांना दिसले नसते.

दुपारी समुद्राच्या वाटेवरच्या दफनभूमीत गेले. ग्रीक, इंग्रज, तुर्क, ज्यू, रशियातून आलेले जुन्या पंथाचे लिपोवेन, सगळे जवळजवळ पुरलेले. बुडालेले खलाशी पुष्कळ. 1868 मध्ये एक तरुण मुलगी बुडत होती आणि तिला वाचवायला गेलेला एका बोटीचा अधिकारीही बुडाला. तो कशापायी मेला हे त्याच्या दगडावर कोरलेलं आहे. मी तिथे बराच वेळ बसले. पाण्यानं आणून टाकलेल्या परक्या माणसांना जागा देणं हे तुमच्या गावाला जुनंच माहीत आहे. जिवंत असोत, मेलेली असोत. माझ्या आजोळी शेवटची लाँच चुकलेला माणूस कुणाच्याही पडवीत झोपायचा, आजी त्याच्यापुढे पेज ठेवायची, जात विचारायची नाही. तसं आज मी करेन का? माझ्या सोसायटीचं फाटक रात्री दहाला बंद होतं आणि ओळख पटल्याशिवाय आत सोडायचं नाही असा नियम मीच सभेत मंजूर केला आहे. पुढच्या सभेत मी त्यावर बोलणार आहे.

दुसऱ्या रात्रीबद्दल इथे सगळे विचारतात. फोन एकदम किंचाळला, पडद्यावर रोमानियन अक्षरं, मला फक्त धोका आहे एवढं कळलं. तू आलीस, बोट दाखवून "इझमाइल, इझमाइल" म्हणालीस, मग आकाशातून काहीतरी खाली येतं असं हातानं दाखवलंस. सीमेपलीकडच्या युक्रेनच्या बंदरावर ड्रोन येत होते. तू माझ्या पलंगाच्या कडेला बसून राहिलीस आणि गुडघ्यावर हात थोपटत राहिलीस. लोकांना ही गोष्ट मोठी वाटते. मला बुटांचीच मोठी वाटते. भीतीत माणसं एकमेकांजवळ येतात. त्या पहिल्या रात्री कसलीच भीती नव्हती, कुणी बघत नव्हतं, आणि झोप तुलाही आली असणार.

अजून एक. त्याच दिवशी सकाळी तू माझी पँट आणि मोजे अंगणातल्या दोरीवर घातलेस. मी पायरीवर कॉफी पीत होते. छपरांच्या वरून एका बोटीचा पांढरा मजला आणि धुराडं सावकाश सरकत गेलं, नदी दिसतही नव्हती. तुला वाटलं मी बोट बघतेय. मी दोरी बघत होते.

निघताना धक्क्यावर मी तुझ्या पाया पडायला वाकले. तुला वाटलं माझी नाडी सुटली आहे, म्हणून तूही वाकलीस आणि नाडी चाचपून बघितलीस. आपण दोघी खालीच थांबलो. बोटीचा भोंगा झाला. मला म्हणायचं होतं ते तिथेच राहिलं, ते हे.

नातवानं दिलेल्या पत्त्यावर एक डबा पाठवला आहे. आत आमसुलं आहेत. काळी दिसली तरी खराब नाहीत, ती तशीच असतात. तुझ्या रश्शात आंबटपणासाठी तू कोंड्याचं आंबवलेलं पाणी घालतेस, ते त्या दिवशी घालू नकोस. मासा शिजत आला की चार-पाच आमसुलं धुऊन टाक आणि झाकण ठेव. मीठ आधी हात राखून घाल, आमसुलांनाही मीठ असतं. रस्सा कसा झाला ते नातवाकडून कळव.

दाभोळ खाडीकाठची
तुझी भाची