डॉक्टर मॅडम, बाबांना खरं उत्तर दिल्याबद्दल

माननीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

परळच्या तुमच्या ओपीडीत इतकी गर्दी असते की लालबागचे आमचे बाबा तुम्हाला आठवणारही नाहीत. विडी सुटली होती, पण खोकला, कफ आणि जिना चढताना लागणारी धाप काही सुटेना. "मग सोडून मिळवलं काय?" असं म्हणत ते पुन्हा बंडलाकडे वळायच्या बेतात होते.

"सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट आजार आहे, पंप घ्या" एवढं सांगून तुम्हाला पुढचा पेशंट बोलावता आला असता. तुम्ही मात्र स्पायरोमेट्रीचा (फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजण्याच्या तपासणीचा) कागद बाजूला ठेवलात आणि थेट पेशीपासून सुरुवात केलीत. माणसाची साधी पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागते आणि थांबते, हे हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दाखवलं. धुराने डीएनएला इजा होत राहिली की फुफ्फुसात ही वेळ फार आधी येते. इजा झालेली पेशी वाढली तर कॅन्सरची भीती, म्हणून तिचं थांबणं एका परीने बरंच. पण थांबली तरी ती मरत नाही. "पागडीचा जुना भाडेकरू बघा," तुम्ही म्हणालात, "खोली सोडत नाही, दुरुस्ती करू देत नाही, वर सगळ्या चाळीला भडकवतो." (बाबा स्वतः पागडीवर राहतात, तरी हसले!) अशी पेशी इंटरल्यूकिन-६ सारखी दाह वाढवणारी प्रथिनं सोडते, शेजारच्या धडधाकट पेशींनाही म्हातारं करते, आणि दाह चालू राहिला की वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंती झिजत जातात. विडी विझली म्हणून हे सगळं लगेच शांत होत नाही.

मग बाबांनी मोबाइल काढला. म्हाताऱ्या पेशी मारणाऱ्या गोळ्यांचा फॉरवर्ड! तुम्ही त्यांना उडवून लावलं नाहीत. २०१९ मध्ये अशा औषधांची फुफ्फुसाच्या फायब्रोसिसवर (व्रण पडून फुफ्फुस कडक होण्यावर) पहिली छोटी चाचणी झाली, त्यात अवघे १४ रुग्ण होते, आजार वेगळा, आणि सीओपीडीसाठी ही औषधं अजून उपचार म्हणून देत नाहीत, हे नीट सांगितलंत. गेलेलं फुफ्फुस परत येणार नाही, पण विडी बंद राहिली तर घसरण मंदावते, हेही लपवलं नाहीत. खोट्या आशेपेक्षा बाबांना हेच पटलं. बंडल परत घरात आलेलं नाही.

मनापासून आभार. पुढच्या तारखेला शेजारच्या काकांनाही आणतोय, ते अजून ओढतात. गर्दीत भर घालतोय, रागावू नका.

आपला,
बाबांचा धाकटा