अभिनयाची क्रमवारी: 'कुंकू' मोजायचा की 'दुनिया न माने'?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चित्रपटांतील सर्वश्रेष्ठ अभिनयाच्या क्रमवारीवरून आपल्या सदरात सध्या वाद रंगला आहे. कोण वर हवे होते, कोणावर अन्याय झाला, यावर भरपूर लिहून आले. मते मोजली कशी, हे मात्र कोणी विचारले नाही. मराठीसाठी हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, कारण आपल्याकडचे कितीतरी मोठे अभिनय दोन भाषांत आहेत.

'कुंकू' (1937) घ्या. प्रभात फिल्म कंपनीने तोच चित्रपट 'दुनिया न माने' म्हणून हिंदीतही केला, आणि तो डब करून नव्हे. शांता आपटे आणि केशवराव दाते दोन्हीकडे तेच, पण संवादांचे प्रसंग दोन भाषांत वेगवेगळे चित्रित झालेले. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत टाळून घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज वापरले. त्यामुळे जरठ-कुमारी विवाहात अडकलेल्या त्या मुलीचा राग सगळा आवाजावर आणि थांबण्यावर तोललेला आहे. वाक्याची लांबी भाषेगणिक बदलते, की श्वास कुठे घ्यायचा आणि नजर कधी वळवायची तेही बदलते. म्हणून हे दोन स्वतंत्र अभिनय आहेत, आणि मला मराठीतला उजवा वाटतो. स्मिता पाटील यांच्या 'उंबरठा' आणि त्याच्या हिंदी रूपाबाबत, 'सुबह'बाबत, डॉ. श्रीराम लागूंच्या मराठी-हिंदी 'पिंजरा'बाबत हीच अडचण येते.

यादी करताना मात्र ते एकत्र धरावेत, नाहीतर मते फुटतात. समजा, 14 जणांनी 'कुंकू' लिहिले, 11 जणांनी 'दुनिया न माने', आणि तिसऱ्याच एका भूमिकेला 18 मते पडली. वेगळे मोजले तर शांता आपटे मागे पडतात. एकत्र केले तर 25 मतांनी पुढे जातात. एकाच मतदाराने दोन्ही नावे लिहिली असतील तर मत एकच धरावे, ही काळजी हवी. मतपत्रिकेवर कलावंत आणि भूमिका असे लिहून घ्यावे, चित्रपटाचे नाव त्यानंतर.

दुसरी चूक गुणांची. पहिल्याला 10, दहाव्याला 1 अशी पद्धत वापरली, तर 40 जणांनी दहाव्या जागी ठेवलेल्या भूमिकेला 40 गुण मिळतात आणि पाचच जणांनी पहिल्या जागी ठेवलेलीला 50. पाच कट्टर चाहते चाळीस जाणकारांना भारी पडतात. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश चित्रपट-मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सर्वोत्तम चित्रपटांचा कौल घेते. तिथे प्रत्येकाने दहा नावे द्यायची, क्रम न लावता, आणि प्रत्येक नावाला एक मत. 2012 मध्ये 'व्हर्टिगो'ला 191 आणि 'सिटिझन केन'ला 157 मते पडली, हे आकडे छापले गेले. अंतर डोळ्यांसमोर असले की वादही नेमका होतो.

प्रमुख आणि सहायक अशी विभागणीही नको. 1944च्या 'गोइंग माय वे'मधल्या एकाच भूमिकेसाठी बॅरी फिट्झगेराल्ड यांना ऑस्करची दोन्ही गटांत नामांकने मिळाली होती, इतकी ती रेषा पुसट आहे. शिवाय त्या विभागणीत 'संत तुकाराम'मध्ये (1936) तुकोबांची बायको झालेल्या गौरीबाई हमखास मागे राहतात. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांची तल्लीनता थोरच. पण खुद्द विठोबाला फैलावर घेणारी, पोराबाळांच्या भुकेचा हिशेब मांडणारी ती बायको नसती, तर तुकोबांचे वैराग्य घरातल्यांना किती महाग पडते ते दिसलेच नसते. माझ्या मते त्या चित्रपटातला श्रेष्ठ अभिनय गौरीबाईंचा.

आणखी एक. मतदाराने चित्रपट पूर्ण आणि अलीकडे पाहिलेला असावा. 'माणूस'मध्ये (1939) मैना झालेल्या शांता हुबळीकरांना 'कशाला उद्याची बात' या गाण्यावरच मते पडतात. गाण्याबाहेरची मैना कितीजणांनी पाहिली आहे?

पुढची यादी छापताना प्रत्येक नावापुढे मतांचा आकडा, मतदारांची एकूण संख्या आणि एकत्र धरलेल्या द्विभाषिक चित्रपटांची नावे द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर